उंबराची डहाळी : महादेव कोळ्यांची गोतरणी आणि तिचा दंड

वैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला गावोगावच्या हत्यारबंद लोकांच्या कथा नव्या नाहीत. रघूजी भोसल्यांच्या काळात कटकच्या मोहिमेवर इकडचे पोवार गेले आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या. पुढे १८१८ साली नागपूरकरांची सत्ता इंग्रजांच्या देखरेखीखाली आली, तेव्हा कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील आपली माणसे घेऊन उठला. कॅप्टन गॉर्डन याने कामठ्याची गढी घेतली आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. कामठा तेव्हा भंडारा मुलखात होते. १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते. ही हकिगत आपण शाळेत नाही, तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकतो, आणि ती नेहमी जमीनदाराची असते. त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांचा आपसांतला कायदा काय होता, चुकलेल्याला ते काय करीत, दंड कोण घेई आणि त्या पैशाचे पुढे काय होई, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे भरपूर उत्तर महाराष्ट्रात एका ठिकाणी सापडते. त्यासाठी वैनगंगा सोडून सह्याद्रीच्या माथ्यावर, जुन्नर, अकोले आणि इगतपुरीच्या डोंगराळ पट्ट्यात जावे लागते. तेथील महादेव कोळी हे एकोणिसाव्या शतकात डोंगरी किल्ल्यांचे राखणदार, सरकारी शिपाई आणि सरकारविरोधी बंडखोर या तिन्ही रूपांत दिसतात. कधी कधी एकाच घरात दिसतात. त्यांची स्वतःची न्यायसभा होती. तिचे नाव गोतरणी.

येथे नावांचा घोटाळा टाळलेला बरा. मुंबई आणि वसईच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारे कोळी, ज्यांतील कितीतरी कुटुंबे आपली धर्मबांधव आहेत, ते वेगळे. भंडारा जिल्ह्यात मोठमोठे तलाव बांधणारे कोहळी तर सर्वस्वी वेगळे. महादेव कोळी ही घाटमाथ्यावरची, नाचणी-वरईच्या शेतीवर जगणारी आदिवासी जमात.

जुन्या काळी या मुलखाला बावन मावळ म्हणत. प्रत्येक मावळाला एक कोळी नाईक असे आणि त्यांच्यावरचा सरनाईक जुन्नरला बसे. बहामनी राजांनी त्यांना फारसे छेडले नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांनी जमिनीची मोजणी करून सारा बसविला, तेव्हा मात्र कोळी उठले. ते बंड निर्दयपणे मोडण्यात आले. कापलेल्या शिरांचा ढीग शिवनेरीवर रचून त्यावर चौथरा बांधला, तो काळा चबुतरा म्हणून ओळखला जातो. पेशवाईत राजूरकडच्या जावजी बांबळे याने आधी सरकारशी वैर धरले, किल्ले घेतले, आणि अखेर तडजोड होऊन सरकारनेच त्याला त्या भागाचा अधिकार दिला. बंडखोराला अधिकारी करून घेण्याची ही पद्धत मराठी राज्यकर्त्यांना चांगली अवगत होती. इंग्रजांना ती समजायला चाळीस वर्षे लागली.

गोतरणीचे वर्णन आपल्यापर्यंत पोचले ते मोठ्या विचित्र वाटेने. १८२८-२९ च्या सुमारास रामजी भांगरे आणि रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी बंड केले. रामजी हा आधी पोलिसांत जमादार होता. हे बंड मोडण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्यांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा मद्रास फौजेतला गृहस्थ होता. बंडवाल्यांना कोण आसरा देतो, कोणाची सोयरीक कोठे आहे, हे शोधून काढीत त्याने त्यांचे आधार एकामागून एक तोडले. रामा किरव्याला अहमदनगर येथे फाशी झाली. आणि त्याच मॅकिंटॉशने पुढे १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर एक विस्तृत निबंध लिहिला. त्यांचे कुळाचार, लग्ने, देव, न्याय, सारे त्याने टिपून ठेवले. नंतरच्या सरकारी गॅझेटियरांनी त्यातला मजकूर उचलला. ज्याने माणसे पकडली त्यानेच त्यांचा कायदा जपून ठेवला, हे मान्य करूनच आपण पुढे जाऊ.

गोतरणीत सहा पदे होती आणि ती सहाही वंशपरंपरागत होती. प्रमुख तो रगतवान. त्याच्या हाताखाली, त्याच्या गैरहजेरीत काम पाहणारा आणि एरवी सल्ला देणारा तो मेटाल. तिसरा साबला. तो गावोगाव फिरून लोकांच्या वर्तनाची चौकशी करी, आणि कोणावर आळ आला तर त्याला पकडून रगतवानापुढे उभे करी. म्हणजे तक्रार येण्याची वाट पाहत ही सभा बसून राहत नसे. उरलेल्या तिघांची नावे त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून पडलेली दिसतात. डहाळी लावणारा तो ढाळ्या, हाड बांधणारा तो हाडक्या, आणि मडक्यांचे पाहणारा तो मडक्या. रगतवानाला कोणाची चौकशी सुरू करायची तर नाईकाची संमती घ्यावी लागे. हा नाईक म्हणजे लढाईतला पुढारी. तलवार ज्याच्या हाती, त्याच्या संमतीवाचून न्यायाला हात घालता येत नसे. पण न्याय सांगण्याचे पद त्याच्याकडे नव्हते, ते रगतवानाकडे होते.

चौकशीपूर्वी दोन्ही पक्षांकडून जामीन घेतला जाई. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण डोंगरात राहणारा, हत्यार बाळगणारा आणि एका रात्रीत दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, म्हणजे तिचे मोल कळते. निकाल विरुद्ध गेला तर तो पळून जाईल किंवा फिर्यादीच्या घरावर चालून जाईल, ही भीती खरी होती. जामीन राहिलेल्या सोयऱ्याचे घर पणाला लागले, की त्याचा हात आखडे. मराठेशाहीतल्या गोतसभांतही वादी-प्रतिवादींकडून जामीन आणि निकाल मान्य असल्याचे राजीनामे आधीच लिहून घेत असत. डोंगरातल्या लोकांनी कागद वापरला नाही, एवढाच फरक.

दोष शाबीत झाला की दंड. आणि दंड दिला की प्रकरण संपले. गॅझेटियरच्या रुक्ष इंग्रजीत ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली आहे, पण सगळे मर्म तेथेच आहे. दंड न देणाऱ्याच्या, किंवा दोष कबूल न करता अडून बसणाऱ्याच्या घरी ढाळ्या जाई आणि दारावर उंबराची डहाळी खोवी. ती दिसली की साऱ्या गावाला समजे, हे घर आता जातीबाहेर आहे. त्याच्याकडून विस्तव घ्यायचा नाही, त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही, जत्रेत त्याच्या पंगतीला बसायचे नाही. डहाळी सुकेपर्यंत तरी माणूस विचार करील, असा या व्यवस्थेचा हिशेब असावा, असे मला वाटते. तरीही तो नमला नाही तर हाडक्याची पाळी येई. तो मेलेल्या जनावराचे हाड आणून दारावर बांधी. त्यानंतरची अवस्था फार कठीण होती, तिच्याबद्दल पुढे सांगायचे आहे.

पण हाडक्यानंतरही मडक्या होता, हे विसरता कामा नये. त्या माणसाने सभेची मनधरणी केली आणि सभेने त्याला परत घ्यायचे ठरविले, तर शुद्धीचे सारे काम मडक्याच्या देखरेखीखाली होई. घरातली मातीची भांडी दूर केली जात आणि घर पुन्हा मांडले जाई. सहा पदांपैकी एक पद केवळ माणूस परत आणण्यासाठी राखून ठेवलेले आहे! आपल्या आजच्या न्यायालयांत आरोप ठेवणारा असतो, बाजू मांडणारा असतो, शिक्षा देणारा असतो, शिक्षा भोगवून घेणाराही असतो. शिक्षा भोगलेल्याला त्याच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचविणारा अधिकारी मात्र मला तरी आठवत नाही.

दंडाच्या पैशाचे काय होई? मराठी राज्यात वाद जिंकणाऱ्याने सरकारला हरकी किंवा शेरणी द्यायची, आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी द्यायची, असा शिरस्ता होता. 'गुन्हेगारी' हा शब्द आज आपण अपराधवृत्ती या अर्थाने वापरतो. त्या काळी तो दंडाच्या रकमेचे नाव होता. ही रक्कम राज्याच्या जमेत पडे. साहजिकच न्याय हे उत्पन्नाचे साधन होऊन बसे आणि निवाड्यापेक्षा वसुलीवर डोळा राही. गोतरणीचा दंड सरकारात जात नसे. तो सभेतच राही, आणि रक्कम मोठी असली तर तिच्यातून गावच्या देवळाची डागडुजी केली जाई. सभेतल्या माणसांनी त्यातला काही भाग स्वतःच्या पदरात घातला असणारच. वतनदार मंडळी उपाशी राहून न्याय करीत, असे मानण्याइतके भोळे होण्याचे कारण नाही. तरी देखील ज्याने दंड भरला त्याच्या पैशाचे कौल देवळावर चढत होते, आणि पुढल्या जत्रेला तो त्याच कौलाखाली सगळ्यांसोबत उभा राहत होता. दंड देऊन तो लुबाडला गेला नाही, तर पुन्हा भागीदार झाला, असे निदान म्हणता येत होते.

आपल्या श्रद्धेच्या इतिहासाशी ज्यांचा थोडा परिचय आहे, त्यांना येथे काहीतरी ओळखीचे दिसेल. पहिल्या काही शतकांत ख्रिस्तसभेत प्रायश्चित्त हे आजच्यासारखे खासगीत होत नसे. मोठे पाप केलेला माणूस प्रायश्चित्तकरी म्हणून उघडपणे वेगळा काढला जाई, त्याला ख्रिस्तप्रसाद मिळत नसे, आणि ठरलेला काळ संपल्यावर पवित्र गुरुवारी महागुरू त्याला पुन्हा मंडळीत घेत. ३९० साली थेस्सलनीका येथे सम्राट थिओडोसियसच्या हुकुमाने हजारो नागरिकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे महागुरू संत अँब्रोज यांनी त्याला ख्रिस्तप्रसाद नाकारला. सम्राटाने उघडपणे प्रायश्चित्त केले आणि त्याच वर्षी नाताळाला तो परत घेतला गेला. फौजा ज्याच्या हुकुमात आहेत अशा माणसालाही दाराबाहेर उभे राहावे लागते आणि दार त्याच्यासाठी कायमचे बंदही होत नाही. बावन मावळांतल्या नाईकाला ही गोष्ट सांगितली असती, तर तिचा अर्थ त्याला समजावून द्यावा लागला नसता.

मात्र हाडाची गोष्ट राहिली आहे. ती टाळून गोतरणीचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल.

हाडक्याने दारावर हाड बांधले की तो माणूस 'महार झाला' असे मानले जाई. गॅझेटियरने हे निर्विकारपणे नोंदविले आहे. मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम गावगाड्याने ज्यांच्या माथी मारले, त्यांचे जिणे हीच येथे सर्वांत मोठी शिक्षा ठरविलेली आहे. कोळ्याला धाक घालायचा तर त्याला दाखवायचे काय? शेजारच्या वस्तीवरचा माणूस. म्हणजे ज्याने काहीच गुन्हा केलेला नाही असा एक समाज, दुसऱ्याच्या न्यायव्यवस्थेत जन्मठेप भोगत उभा आहे. कोळ्याच्या दारावरचे हाड आज ना उद्या निघे. ज्याच्या नावाने ते बांधले, त्याच्या दारावरचे काढायला कोणताही मडक्या येत नसे. नगर जिल्ह्यात, मराठवाड्यात आणि आपल्या विदर्भातही ज्या कुटुंबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांतील पुष्कळांच्या आज्या-पणज्या त्याच वस्तीवरच्या. हा मजकूर वाचताना त्यांना जे वाटेल ते मला शब्दांत मांडता येणार नाही, आणि मांडण्याचा आव मी आणणार नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन समजावायचे, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मग मंडळीपुढे. आणि तरीही ऐकले नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखे समजायचे. पायऱ्या तशाच आहेत : आधी साबला, मग सभा, मग डहाळी, मग हाड. आणि शेवटच्या पायरीवर येथेही एका हीन मानलेल्या वर्गाचे नाव आहे! पण ज्या शुभवर्तमानात हे आले आहे ते परंपरेने ज्याच्या नावावर आहे, तो मत्तय स्वतः जकातदार होता. आणि प्रभू अशाच लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून परुशी कुरकुरत होते. जकातदारासारखे समज, या सांगण्याचा अर्थ मग नेमका काय घ्यायचा, यावर आपल्या प्रवचनांतून क्वचितच बोलले जाते. गोतरणीतल्या कोणी रगतवानाने महाराच्या पंगतीला बसण्याचे ठरविले असते, तर हाडक्याचे पद त्याच दिवशी निकामी झाले असते.

बहिष्काराचा दंड हा केवळ जुन्या पोथीतला विषय नाही. महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला, आणि तो २०१७ पासून अमलात आला. जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापूर्वी मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता; तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दाऊदी बोहरा समाजाच्या दाव्यात रद्द ठरविला. आता दंड करणाऱ्या पंचायतीलाच दंड होतो. हे योग्यच झाले. मात्र दंड भरल्यानंतर त्या गावात सगळे एकमेकांच्या घरी जेवायला कधी जातात, हे कायद्याला ठरविता येत नाही.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. १८१८ नंतर किल्ल्यांवरची शिबंदी मोडली गेली. ज्यांचे घराणे पिढ्यान्पिढ्या गड राखीत आले होते, त्यांचे नेमणुकीचे उत्पन्न आटले. सावकारांचा पाश वाढला. रामजीचा मुलगा राघोजी भांगरे हा १८४४-४५ मध्ये बंडात उतरला. सावकारांची नाके कापण्याच्या प्रकारांमुळे हे बंड विशेष गाजले. राघोजी पुष्कळ काळ हाती लागला नाही. अखेर पंढरपूर येथे पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. सरकारच्या न्यायात डहाळी नव्हती, जामिनावर उभा राहणारा सोयरा नव्हता, आणि मडक्या तर नव्हताच.

याचा आणखी एक दाखला भिल्ल नाईक भागोजी याचा आहे. तो अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्याला कैद झाली. सुटल्यावर एक वर्ष चांगल्या वर्तनाचा जामीन द्यावा लागला. तोही त्याने दिला, वर्षही संपले. शिक्षा पुरी झाली होती, पण परत कोठे जायचे ते कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकांची हत्यारे काढून घेण्याचा सरकारी हुकूम सुटला आणि भागोजी सिन्नरजवळचे आपले नांदूर शिंगोटे सोडून डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच गावाजवळ झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. बंड पसरत चालले.

आणि येथे सरकारने ते केले, जे पेशव्यांनी जावजी बांबळ्याच्या बाबतीत केले होते. भिल्लांविरुद्ध कोळ्यांचीच एक पलटण उभी करायची ठरली. यात एका डोंगरी जमातीला दुसरीवर घालण्याचा कावा होता, हे लपविण्यासारखे नाही. लेफ्टनंट ग्रॅहम याने सुरुवात केली आणि डिसेंबर १८५७ मध्ये शंभर कोळी स्वतःच्या तलवारी-बंदुका घेऊन तयार झाले. पुढे कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली ही संख्या सहाशेपर्यंत गेली. नटॉलने शिपाई एकेकटे भरती केले नाहीत. तो कुळांच्या प्रमुखांशी बोलला; जो जितकी माणसे आणील तितका त्याचा हुद्दा, असा करार केला. बांबळे कुळाचा प्रमुख जावजी नाईक बांबळे (पेशवाईतल्या जावजीचे नाव चालविणारा) पलटणीचा मुख्य झाला. अधिकाऱ्यांत आणखी एक माणूस घेतला गेला : राघोजी भांगऱ्याचा भाऊ. ठाण्याच्या फाशीला तेव्हा पुरती दहा वर्षेही झाली नव्हती.

या पलटणीचे वर्णन इंग्रज लेखकाने मोठ्या आपुलकीने केले आहे. गडद हिरवे पागोटे, गडद हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत नेसलेले रक्तवर्णी धोतर, पायांत वहाणा. तंबू नाही, सामानाची गाडी नाही, सगळे पाठीवर. टोळी-टोळीने एकत्र जेवायचे आणि कूच करताना स्वयंपाकाची भांडी आपसांत वाटून घ्यायची. एका दिवसात तीस-चाळीस मैल डोंगर तुडवून आल्यावरही मुक्कामाला पोचताच आधी बंदूक पुसायची. नगरच्या पोलिसांतून आलेल्या कवायत-मास्तरांनी शिकविले ते त्यांनी झटपट उचलले. अडीच वर्षांत पाच वेळा सरकारने त्यांचे खास आभार मानले.

या शिस्तीचे श्रेय तो लेखक नटॉलच्या संयमाला आणि मायाळूपणाला देतो. नटॉल चांगला माणूस असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सहाशे डोंगरी माणसे तीन-चार महिन्यांत शिस्तीत वागायला लागतात, ती केवळ एका परक्या अधिकाऱ्याच्या मायाळूपणामुळे नव्हे. प्रत्येकाच्या पुढे त्याच्या कुळाचा प्रमुख चालत होता. गावी परतल्यावर ज्याच्या पंगतीला बसायचे, ज्याच्या संमतीने मुलांची लग्ने व्हायची, तोच येथे हुद्देदार होता. पलटणीत केलेली आगळीक गावात विसरली जाणार नव्हती. रगतवान आणि साबला गणवेशात नव्हते, तरी ते पलटणीसोबत चालत होते असे म्हटले तर फार चुकणार नाही. मॅकिंटॉशने सोयरीक शोधून बंड मोडले होते. नटॉलने सोयरिकीवरच पलटण बांधली.

योगायोग असा की त्याच वर्षांत इंग्लंडातही गावोगावचे लोक हत्यार हाती घेत होते. फ्रान्सच्या स्वारीची भीती पसरल्यामुळे मे १८५९ मध्ये तेथील युद्धखात्याने स्वयंसेवक तुकड्या उभारण्यास परवानगी दिली. दुकानदार, कारकून, कारागीर यांनी वर्गणी काढून तुकड्या केल्या, स्वतःचे नियम छापले आणि स्वतःवरच दंड बसविले. हुकुमाविना बंदूक भरली तर दंड, चुकून उडाली तर दंड, कोणाच्या दिशेने रोखली तर दंड. १८६३ च्या कायद्याने हे नियम सरकारमान्य झाले आणि बुडविलेला दंड मॅजिस्ट्रेटमार्फत वसूल करण्याची सोय झाली. पण त्याच कायद्यात एक कलम होते : चौदा दिवसांची सूचना द्या, बंदूक परत करा, देणे चुकवा, आणि तुकडी सोडून घरी जा. दंड नकोसा वाटला तर इंग्रज दुकानदाराला तुकडीच सोडता येत होती. महादेव कोळ्याला आपले गोत चौदा दिवसांच्या सूचनेवर सोडता येत नव्हते. म्हणून त्याच्या दंडाला अधिक धार होती, आणि म्हणूनच त्याच्या सभेला मडक्याची गरज होती.

११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे फ्रँक सूटर याच्या तुकडीने भागोजी नाईकाला गाठले आणि त्या लढाईत तो पडला. मे १८६० मध्ये नियमित फौजेची ठाणी उठली आणि त्या जागी कोळी पलटणीचे शिपाई बसविले गेले. मार्च १८६१ मध्ये पलटण मोडण्यात आली. काही थोडे पोलिसांत गेले. बाकीचे सगळे बंदुका जमा करून आपापल्या खोऱ्यांत परतले आणि त्या पावसाळ्यात नाचणी पेरायला लागले.